तलमडुगुच्या रस्त्यावर हुकलेले पाच तास

पांढरकवडा मागे पडलं आणि तासाभरात पैनगंगेचा पूल आला. जानेवारीतली नदी, पात्राच्या एका कडेने वाहणारी. पलीकडच्या काठावर दुकानांच्या पाट्या एकदम तेलुगूत झाल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी मात्र तसंच मराठीत बोलणं चालू ठेवलं. त्यांचं माहेर अलीकडे, सासर पलीकडे. "इकडं नदी आडवी आली म्हनून कोनी बोली बदलवत नाही," त्या म्हणाल्या. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते. पुढे कापसाने ठासून भरलेला ट्रक चालला होता, त्याच्या ताडपत्रीतून निसटलेले. आमची बस त्याच्या मागून हळूहळू आदिलाबादला पोचली.

मी कराडची. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पन्नाशी ओलांडलेली आहे आणि गेली काही वर्षं पळते. नागपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, असा एवढा लांबचा प्रवास केला तो आदिलाबादला पूर्ण मॅरेथॉन पळण्यासाठी. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडंसं. ते अंतर मी आधी दोनदा पळले होते आणि दोन्ही वेळा पाच तासांची रेषा थोडक्यात हुकली होती. आमच्याकडे कृष्णेच्या काठावर पळणाऱ्या मंडळींमध्ये "पाचच्या आत" हा माझा मुद्दा थोडा चेष्टेचाच झाला होता. त्यातच दिवाळीनंतर गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की ही एक पळा, पण यापुढे पूर्ण मॅरेथॉन नको, अर्धी पळत जा. म्हणजे हा शेवटचा प्रयत्न होता.

आदिलाबादच का, तर तिथे संघमित्रा आहे. आदल्या वर्षी नागपूरच्या एका अर्धमॅरेथॉनमध्ये आम्ही शेजारी शेजारी पळलो होतो. तिच्या टाचेला फोड आला होता आणि माझ्याकडे चिकटपट्टी होती, एवढ्यावर ओळख झाली. ती चाळिशीच्या आतली, तलमडुगु मंडलातल्या (मंडल म्हणजे इथला तालुक्याहून लहान विभाग) एका गावी मराठी शाळेत शिक्षिका आहे. नंतर फोनवर ती पळण्याविषयी विचारत गेली आणि मी सांगत गेले. आठवड्यात किती पळायचं, काय खायचं, विश्रांती कधी घ्यायची. सांगायची मला हौसच आहे. तिच्या जिल्ह्यातल्या काही हौशी डॉक्टर-शिक्षकांनी मॅरेथॉन भरवायचं ठरवलं, तेव्हा तिने थेट पूर्ण अंतरासाठी नाव दिलं आणि मला फोन केला. "माधवीताई, तुमी आल्या तरच मी पळते. आमच्याच घरी राहायचं."

बसस्थानकावर ती स्कूटी घेऊन उभी होती. तिथून आम्ही परस्पर पळण्याचे क्रमांक घ्यायला गेलो. टेबलाशी बसलेल्या तरुणीने माझ्याशी तेलुगूत बोलायला सुरुवात केली. मी हसले तशी ती हिंदीवर आली. मी मोडक्या हिंदीत उत्तर दिलं, तेव्हा तिने संशयाने माझं नाव वाचलं आणि म्हणाली, "मराठी हाय का तुमी? मंग आधीच सांगा ना." माझ्या क्रमांकाच्या कापडावर नाव तेलुगूत छापलेलं होतं. गोल गोल, पाटावर मांडलेल्या करंज्यांसारखी अक्षरं. त्यातलं माधवी कुठलं हे मला कळेना. संघमित्राने बोट ठेवून दाखवलं.

तिचं घर आदिलाबादच्या कडेला, नव्या वस्तीत. दारात जास्वंद, बैठकीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. यजमान रवींद्रभाऊ मंडल कार्यालयात कारकून आहेत आणि त्यांच्या बोलण्यात निजामाच्या काळापासून मुक्कामाला राहिलेले शब्द सहज येतात. सासूबाईंना सगळे माय म्हणतात, मीही म्हणू लागले. माय पूर्वी दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायच्या. आता गुडघे दुखतात म्हणून घरी असतात, पण स्वयंपाक कुणाच्या हाती देत नाहीत. त्या संध्याकाळी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि भात होता. भाताबरोबर पच्चि पुलुसु (चिंचेचं न शिजवता केलेलं पातळ सार, कांदा-मिरची चुरून). हे शेजारच्या तेलुगू घरून शिकलेलं आणि आता याच घरचं झालेलं. मी दोनदा मागून घेतलं.

जेवताना संघमित्रा म्हणाली, "ताई, रस्ता मी रोज स्कूटीनं जाते तोच हाय. जाताना उतार-उतार वाटते. येताना दोन चढ लागते, अन् दुसरा लय लांब हाय. तेव्हा ऊन डोक्यावर राहते. सुरवातीले हळू जा."

मी मान डोलावली. ही सूचना मीच तिला फोनवर शंभरदा दिलेली होती.

पहाटे क्रीडांगणावर जमलो तेव्हा अंगातून थंडी आरपार जात होती. आदिलाबादची थंडी मी ऐकून होते, पण कराडच्या माणसाला ती खोटी वाटेल. लोक कानटोप्या घालून जागच्या जागी उड्या मारत होते. संघमित्राने शाळेचा निळा क्रीडादिनाचा सदरा घातला होता आणि तिच्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

"घड्याळ विसरलीस का?"

"आणलंच नाही. दिवसभर शाळेत घंटाच ऐकते, ताई. पळताना नको वाटते."

माझ्या मनगटावर घड्याळ होतं आणि तळहातावर शाईने लिहिलेलं वेळापत्रक होतं.

अंधारात सुटलो. शहर संपेपर्यंत दिव्यांच्या उजेडात आणि मग नुसत्या कुंद थंडीत. जाताना खरोखरच उतार-उतार होता. पाय हलके होते, श्वास जागेवर होता. प्रत्येक किलोमीटरच्या पाटीशी मी ठरवलेल्या वेळेच्या थोडी आधी पोचत होते. दर पाटीला काही सेकंद खिशात पडत होते आणि त्याचा मला मोठा आनंद होत होता. सूर्य कधी उगवला, कुठली गावं गेली, हे मला आज विचारलंत तर सांगता येणार नाही. तलमडुगुच्या अलीकडे वळायचं होतं. तिथे एका तंबूत गूळ-शेंगदाणे आणि पाणी ठेवलं होतं. तंबूतल्या आजोबांनी "नेम्मदिगा, अम्मा" (हळूहळू, बाई) असं म्हणून पेला पुढे केला. मी तो पळता पळताच घेतला आणि अर्धा अंगावर सांडला.

वळून थोडी पुढे आले तर समोरून संघमित्रा येत होती. तिच्या शाळेच्या गावातल्या बायका रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. त्यातल्या दोघी-तिघी पदर खोचून तिच्याबरोबर जराशा धावल्याही. ती त्यांच्याशी बोलत, हसत येत होती. आम्ही एकमेकींच्या हातावर टाळी दिली आणि मी तिला ओरडून सांगितलं, "छान चाललंय, असंच."

पहिल्या चढाला मला काही झालं नाही. दुसरा चढ तिसाव्या किलोमीटरच्या पाटीनंतर सुरू झाला. डांबरी रस्ता समोर सरळ वर जात होता, सावली नव्हती, आणि पहाटेच्या थंडीचा मागमूसही राहिला नव्हता. मी अजून वेळेच्या पुढे होते. चढाच्या मध्यावर उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला काहीतरी आवळल्यासारखं झालं. चार पावलं गेले आणि ते गच्च आवळलं. थांबून पाय ताणला, पुन्हा निघाले, तर आता डावा. ज्याला हा अनुभव आहे त्याला वेगळं सांगायला नको. ज्याला नाही त्याने असं समजावं, की ओलं कापड कोणीतरी दोन्ही हातांनी पिळतंय आणि ते कापड आपल्या मांडीत आहे.

मी चालू लागले. चालताना घड्याळ पाहिलं, तळहात पाहिला. घामाने शाई पसरली होती, पण आकडे मला पाठ होते. खिशात साठवलेले ते सगळे सेकंद पुढच्या दोन पाट्यांतच गेले. पळायचा प्रयत्न केला की मांडी पिळली जायची, चाललं की सोडून द्यायची. दोष द्यावा असं आजूबाजूला कोणी नव्हतं. रस्ता चांगला होता, पाणी वेळेवर मिळालं होतं, बूटही चावत नव्हते. एका मोरीच्या कठड्यावर बसून मी पाय चोळत राहिले. रडू येत होतं, पण तेही नीट येईना. समोर कापसाच्या शेतात बायका ओळीने वाकून वेचणी करत होत्या. त्यांतल्या एकीने कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

उठून निघाले. थोड्या वेळाने मागून बुटांचा संथ, एकसारखा आवाज आला. कोण असेल ते वळून न बघताच कळलं.

"काय झालं, ताई? काऊन चालून राह्यल्या?" संघमित्रा शेजारी आली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण श्वास शाबूत होता.

"पेटके आलेत."

"मी थांबते. संगं चालू."

त्या वेळी मी घड्याळाकडे पाहिलं आणि सवयीने हिशेब केला. उरलेलं अंतर, उरलेला वेळ. आकडेमोडीने पाचच्या आत पोचणं अजून शक्य होतं. मला नाही, पायांनी केव्हाच नकार दिला होता. तिला शक्य होतं. ती ज्या चालीने आली होती, तीच चाल ठेवली तर चार-पाच मिनिटं राखून ती पोचणार होती. आणि तिला याचा पत्ताच नव्हता. तिला नुसतं पुरं करायचं होतं.

मी तिच्याबरोबर पळून पाहिलं. एका वळणापर्यंत कशीबशी गेले. तिथे दोन्ही मांड्या एकदम आवळल्या आणि मी रस्त्याकडेच्या बाभळीला धरून उभी राहिले. तीही थांबली.

मी तिला काही सांगितलं नसतं तर ती माझ्याबरोबर चालली असती. हे मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. मी एकटी राहिले नसते आणि माझा पाच तासांचा आकडा आणखी कोणाला मिळालाही नसता. हा विचार माझ्या मनात किती वेळ होता ते सांगता येत नाही. फार वेळ नसावा, कारण ती अजून धापा टाकत होती.

"मित्रा, ऐक," मी म्हटलं. "थांबलीस तर हुकेल. अशीच गेलीस तर पाच तासांच्या आत जाशील."

"कोण, मी?"

"तू."

"ते तर तुमचं हाय ना, ताई?"

"माझं गेलं. तू जा. घड्याळ घेऊन जा हवं तर." मी पट्टा सोडू लागले.

तिने माझा हात धरला. "घड्याळ नको. मी त्यातच पाहत बसन. तुमी फक्त सांगा, असंच पळू का?"

"असंच. जोर लावू नकोस, आणि थांबूही नकोस."

"बरं. मी जाते मंग," असं म्हणून ती खरंच गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मीच तसं सांगितलं होतं. निळा सदरा त्या लांब चढावर लहान लहान होत गेला आणि माथ्यावरून दिसेनासा झाला. मला तिचा आनंद झाला असं इथे लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. त्या वेळी मला आनंद झाला नाही.

घड्याळाकडे पाहण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तेव्हा मी इकडेतिकडे पाहू लागले. काळीभोर जमीन, तिच्यात कापसाची करपलेली झाडं आणि त्यांवर उरलीसुरली पांढरी बोंडं. मध्येच ज्वारीचं शेत, कणसं भरत आलेली, त्यावर पोपटांची धाड. एका खळ्यावर तूर झोडपत होते. दूर निळसर डोंगरांची रांग आणि तिच्या पायथ्याशी सागाचं रान, बरीचशी पानं गळलेलं. वाऱ्याबरोबर हरभऱ्याच्या हिरव्या पाल्याचा आंबूस वास येत होता. मी थोडी चाले, थोडी फरफटत पळे, पुन्हा चाले.

मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत कापूस काठोकाठ भरलेला आणि त्याच्यावर, माहेरच्या गादीवर बसावं तशी, एक बाई ऐसपैस बसलेली. चालवणारा तिचा नवरा असावा. डोक्याला मफलर, मिशा पिकलेल्या. माझ्याजवळ येऊन त्याने वेग कमी केला.

"बसा ना, बाई. आम्ही आदिलाबादलेच चाल्लो. मार्केटात कापूस टाकाले."

"नको भाऊ. पळत जायचंय."

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. "तुमी त चालून राह्यल्या."

"मध्ये मध्ये पळते."

"काऊन त्रास घेता? गाडी रिकामीच हाय वरतून," वरून बाई म्हणाली. "या इकडं. मऊ हाय, अंग टेकवा जराशीक."

तो कापूस मला फार मऊ दिसला, हे कबूल केलं पाहिजे. पाय आपोआप थांबले होते.

"बसून गेलं तर मोजत नाहीत," मी म्हटलं.

त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. लांबवर कोणी नव्हतं. "कोनी पाहून राह्यलं का?"

"कोणी नाही."

"मंग बसा."

"मी पाहून राह्यले ना, भाऊ," माझ्या तोंडून निघून गेलं. दोन दिवसांत ती बोली जिभेवर आली होती.

यावर तो मोठ्याने हसला. बाईही हसली. तिने ओंजळभर बोरं माझ्या हातात टाकली आणि ट्रॅक्टर पुढे गेला. जाताना त्याने हात वर केला. मी बोरं खात, बिया शेतात फेकत चालले. बोरं आंबट होती आणि त्यांनी की हसण्याने कोण जाणे, मांड्या थोड्या सैल झाल्या. पुढचा बराच रस्ता मी पळाले. हळू, पण पळाले.

शहराच्या वेशीजवळ एका चहाच्या टपरीपुढे चारपाच माणसं उभी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळात पाच तास कधी होऊन गेले ते मी पाहिलं नव्हतं. क्रीडांगणाच्या फाटकातून आत शिरताना वर लावलेल्या मोठ्या आकड्यांकडे मात्र नजर गेलीच. पाच तास एकवीस मिनिटं.

पदक गळ्यात घालणाऱ्या बाईंनी माझं नाव पुकारलं, तेलुगूतून वाचून, अगदी बरोबर. रवींद्रभाऊ पाण्याची बाटली घेऊन उभे होते. त्यांच्यामागे हिरवळीवर संघमित्रा बूट काढून बसली होती. मला पाहून ती उठायला लागली आणि "आई गं" करून परत बसली. मीही तिच्याशेजारी जाऊन बसले, म्हणजे पडलेच.

मीच विचारलं, "किती?"

"चार तास पंचावन्न." ती गवताकडे पाहत होती. "ताई, मले वाईट वाटून राह्यलं."

"मलाही वाटून राह्यलंय. पण ते माझ्यासाठी. तुझ्या वेळेचं वाईट वाटून घेऊ नकोस."

"तुमी सांगितलं नसतं तर मी थांबली असती."

"माहीत आहे."

"मंग काऊन सांगितलं?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघीही तशाच बसलो आणि मग मला रडू आलं, मोरीवर अडलेलं. ती घाबरली नाही. आपल्या शाळेच्या निळ्या सदऱ्याची बाही तिने माझ्यापुढे केली आणि मी त्या बाहीला डोळे पुसले. रवींद्रभाऊंनी जरा वेळ दुसरीकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "पंचनामा मागून करू. आधी घरी चला, मायनं जेवण मांडून ठेवलं असन. तुमची हाजरी लागली, ताई. बाकी काय."

घरी गरम पाण्याने अंघोळ केली. न्हाणीघरात पुन्हा थोडं रडून घेतलं. बाहेर आले तर माय तिळाच्या तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कोणाला किती वेळ लागला ते विचारलं नाही. कोणाला कुठे दुखतं तेवढं विचारलं. आधी सुनेचे पाय चोळले, मग माझे. मी संकोचले तर म्हणाल्या, "गुमान बसा. दोघीयचे पाय सारखेच सुजले." त्या दिवशी वरण-भात, वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी मी इतक्या खाल्ल्या, की रवींद्रभाऊ वाढायला बसले ते उठलेच नाहीत. दुपारभर आम्ही दोघी एकाच चटईवर झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवारची सुट्टी सरली असली तरी संघमित्राने रजा टाकली होती. तिने मला कुंताळा धबधबा दाखवायचं ठरवलं होतं आणि दुखरे पाय हे कारण ती ऐकायला तयार नव्हती. रवींद्रभाऊंनी एका ओळखीच्या माणसाची गाडी मिळवून दिली. मोठ्या हमरस्त्याने इचोडा मागे टाकून नेरडीगोंड्याला पोचलो. तिथल्या हॉटेलात गरम इडली खाल्ली आणि आत वळलो. दोन्ही बाजूंनी साग. वाळलेली पानं ताटांएवढी, गाडीच्या चाकांखाली पापडासारखी वाजत होती.

धबधब्याकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरणं काय असतं हे पळणाऱ्यांना ठाऊक आहे. पहिल्या पायरीवर आम्ही दोघींनी कठडा धरला आणि एकमेकींकडे पाहिलं. सरळ उतरणं शक्यच नव्हतं. मग आम्ही पाठमोऱ्या उतरू लागलो, शिडीवरून उतरावं तशा. वर चढणारं एक कुटुंब थांबून पाहत राहिलं. त्यातल्या आजींनी तेलुगूत काहीतरी विचारलं. संघमित्राने उत्तर दिलं आणि सगळे हसले.

"काय विचारलं त्यांनी?"

"म्हणे काही नवस हाय का. मी म्हटलं, हो, फेडून राह्यलो."

खाली पोचलो तेव्हा घाम आला होता. पावसाळ्यात हा धबधबा कान फोडतो म्हणतात. जानेवारीत पाणी कमी, काळ्या कातळावरून दोन-तीन पदरांनी उतरत होतं आणि खालच्या डोहात हिरवं होऊन थांबत होतं. आम्ही बूट-मोजे काढून पाय पाण्यात सोडले. गार पाण्याने पोटऱ्यांतली ठणक हळूहळू विझत गेली.

"एक विचारू का, ताई?" संघमित्रा म्हणाली. "राग नका मानू."

"विचार."

"तुमी सुरवातीले किती जोरात गेल्या होत्या? आपण वळणावर भेटलो, तवा तुमी माझ्या लय पुढं होत्या."

मी खरं ते सांगितलं. दर पाटीला थोडे थोडे सेकंद वाचवत होते हेही सांगितलं.

तिने थोडा वेळ पाण्यात पाय हलवले. "तुमी मले फोनवर जे जे सांगितलं ते सगळं मी केलं. सुरवातीले हळू जा म्हणे, हळू गेली. चढावर पाऊल बारीक टाक म्हणे, बारीक टाकलं. पाणी प्रत्येक जागी घे म्हणे, घेतलं. तुमीच नाही केलं, ताई."

मी तिच्याकडे पाहिलं. ती गंभीर होती, वर्गातल्या मुलाला चूक दाखवावी तशी. मला आधी राग आला आणि मग इतकं हसू फुटलं, की शेजारच्या खडकावर बसलेला बगळा उडाला. तीही हसू लागली. हसताना पोटाचे स्नायूही दुखत होते.

"म्हणजे शिकवलं चांगलं," मी म्हटलं.

"शिकवलं तर चांगलंच. शिक्षिकाच नापास झाली."

चढून यायला आम्हाला खूप वेळ लागला. मध्ये बसलो, पुन्हा चढलो. पुढच्या वर्षी तिला नागपूरला पूर्ण पळायचं आहे. चार तास पंचावन्न कमी करायचे का, असं मी विचारलं. तिने विचार करून "नाही," असं सांगितलं, आणि थोड्या पायऱ्यांनंतर, "थोडेसे," असंही. मी अर्धी पळणार आहे, त्याच दिवशी, तिच्या आधी संपवून तिच्यासाठी थांबायला.

परतीच्या बसमध्ये मायने बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा होता. संघमित्रा स्थानकावर सोडायला आली. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहून ती शाळेतल्या गमती सांगत राहिली. पैनगंगा ओलांडली तसं मला झोपेने गाठलं.

कराडला आल्यावर पहिल्या रविवारी नदीकाठी मंडळी भेटली. "काय मग, झालं का पाचच्या आत?" कोणीतरी विचारलंच. "नाही झालं. पाच एकवीस," मी म्हटलं. "अरेरे," असं म्हणून त्यांनी कोणाच्या तरी लग्नाचा विषय काढला. एवढंच. वर्षानुवर्षं मी ज्या उत्तराला भीत होते, ते इतक्या सहज बोलून झालं आणि हवेत विरूनही गेलं. आम्ही नेहमीच्या वाटेने पळायला निघालो.

हे लिहायला बसले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्या दिवशीच्या बेचाळीस किलोमीटरांपैकी पहिल्या तीस किलोमीटरांचं मला लिहिण्यासारखं फारसं काही आठवत नाही. आकडे आठवतात. पोपटांनी भरलेलं ज्वारीचं शेत, खळ्यावरची तूर, कापसाच्या ढिगावर बसून मला बोलावणारी ती बाई, बोरांची आंबट चव, हे सगळं शेवटच्या बारा किलोमीटरांतलं आहे, वेळ हातची गेल्यानंतरचं. पाच तास हुकले याचं दुःख अजून आहे. एखाद्या पहाटे बुटांच्या नाड्या बांधताना ते वर येतं. पण कोणी मला आदिलाबादचं विचारलं, तर मी त्या लांब चढापासून सांगायला सुरुवात करते आणि मग मला थांबवणं कठीण जातं.